म्हसोबाची खोळ

कर्र, असा आवाज गोठ्यातून आला आणि शिवगंगेचे सुपातले हात थांबले.

दुपार इतकी गप्प होती, की माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्यांवर चिमणी उतरली तरी कळावं. बाळ झोळीत झोपलं होतं. चौथं वर्ष लागलेली तिची लेक निंगी उंबऱ्याला डोकं टेकून आडवी पडली होती. जागी होती, पण बोलत नव्हती. पुन्हा कर्र झालं. दाणा न घालता कुणी कोरडंच जातं फिरवावं, तसं. शिवगंगेनं सूप बाजूला सारलं आणि ती गोठ्यात गेली. गोठा म्हणजे ढाळजेच्या पलीकडचा अर्धा सोपा. अलीकडं माणसं, पलीकडं जनावरं, मधे नुसती कमरेएवढी भिंत.

भुरी म्हैस कपाळ भिंतीला लावून उभी होती आणि दातावर दात घासत होती. पुढ्यातला कडबा तसाच पडला होता. एरवी पावलाची नुसती चाहूल लागली तरी कान वळवणारं जनावर. आज हाक मारली तरी कान हलला नाही. भिंत ढकलून पलीकडं निघून जावं, असा काहीतरी तिचा विचार असावा. कपाळ लागत होतं तिथं मातीचा गिलावा पार झिजला होता.

"आत्याबाई," शिवगंगा म्हणाली, "हिचं काय तरी बिघडलंय."

रुद्रम्मा पदराला हात पुसत आली. सासूचं वय झालं होतं, पण म्हशीच्या बाबतीत तिचा शब्द गावात चालायचा. तूप कढवताना नुसत्या वासावरून, लोण्याला हात लावून ती सांगायची, की म्हशीला गेल्या आठवड्यात करडईची पेंड होती की सरकी. लोणी मऊ आलं की म्हणायची करडई, टणक आलं की सरकी. आणि ते खरं निघायचं. तिनं भुरीच्या पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली, कपाळावरची माती झाडली.

"दिष्ट लागलीय," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आंबोणात जरा जास्ती घालते."

काय जास्ती, ते विचारायची गरज नव्हती. कोनाड्यातल्या पितळी डब्याकडं दोघींचीही नजर एकदमच गेली.

त्या डब्यात देव होता. निदान देवाच्या अंगावरचं काही होतं. येळवशीच्या अवसेला घरचे सगळे भज्जी आणि आंबील घेऊन शेतात गेले होते. बांधावरच्या लिंबाखाली म्हसोबा. रुद्रम्मानं दर अवसेसारखा तेलात शेंदूर कालवला, देवाच्या कपाळाला बोटं लावली, आणि देवाची शेंदराची खोळ निघाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, सबंध, एखाद्यानं अंगरखा उतरवून ठेवावा तशी. रुद्रम्माच्या हयातीत असं झालं नव्हतं, तिच्या सासूच्याही नाही. आतला दगड काळा होता, ओलसर, केवढासा. नुकत्या जन्मलेल्या रेडकासारखा. आजूबाजूच्या शेतांतली माणसं जेवणं सोडून आली. जाताना जो तो चिमूटभर तुकडा कपाळाला लावून घेऊन गेला. उरलेली खोळ रुद्रम्मानं पदरात घेतली.

पदराची गाठ मारेपर्यंत तिनं ती शिवगंगेच्या हातात दिली होती. तेवढ्यात शिवगंगेचे हात खाली आले. इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. मोडलेल्या कडेला पापुद्रे दिसत होते, एकावर एक, कुठं नारिंगी, कुठं काळपट, कुठं रक्तासारखे. एकेक पापुद्रा म्हणजे एकेक अवस. कुठल्या तरी सासूच्या सासूची बोटं तिथं आतवर होती, तेलानं माखलेली, आणि शिवगंगेच्या तळहाताला ती लागत होती. घरी येईपर्यंत तिनं ते हात कशालाही पुसले नव्हते.

तेव्हा निंगीला नुसती भूक नव्हती. थंडीत ताप येऊन गेला होता आणि पोर भाकरीकडं बघेना. देवाची खोळ घरात असताना ती पोरीच्या अंगी लागावी असं आजीला वाटणारच. पण शेंदूर माणसाच्या पोटात घालत नाहीत, हे कुणाला सांगायला नको होतं. भजनी मंडळातल्या गुरुलिंगाला कुणीतरी पानातून शेंदूर दिला आणि त्याचा गळा गेला, असं सगळा गाव म्हणायचा. एकेकाळी त्याचा आवाज जळकोटच्या सडकेपर्यंत जायचा म्हणे. आता तो भजनाला यायचा, टाळ धरायचा आणि ओठ मिटून बसायचा. म्हणून रुद्रम्मानं आपल्या अकलेनं वाट काढली. म्हसोबा म्हशींचा देव. त्याची खोळ म्हशीनं खावी, म्हशीच्या पोटात तिचं दूध व्हावं, आणि दूध पोरीनं प्यावं. सकाळ-संध्याकाळ भुरीच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत, ती एक चिमूट चुरून टाकू लागली. टाकताना डोळे मिटायची.

ते बघून शिवगंगेला भरून यायचं. आपल्या आईनंही एवढं केलं नसतं, असं तिला वाटायचं.

पण निंगी सुधारली नाही. तिचं पोट दुखू लागलं, चार-चार दिवस परसाकडं होईना, गाल मेणासारखे पिवळट झाले. बडबडी पोर, तिचे शब्दच हळूहळू कमी झाले, कुणी येऊन एकेक उचलून न्यावा तसे. ती सुधारत नाही म्हणून रुद्रम्मा चिमूट वाढवत गेली.

भुरी भिंतीला लागली त्या दिवशी जळकोटच्या चावडीत सरकारी सलोत्री उतरले होते. शिवगंगेचा नवरा बंडप्पा त्यांना उन्हं कलायच्या आत घेऊन आला. फकरुद्दीनसाहेब उंच, वाकलेले, सायकलवरून आल्यामुळं भुवयांपर्यंत धुळीनं भरलेले. जनावरांचा डॉक्टर घरी येणं ही निजामाच्या मोगलाईत काही रोजची गोष्ट नव्हती. शेजारीपाजारी दारात जमले. शिवगंगा बाळाला कडेवर घेऊन आतल्या दाराआड उभी राहिली. परक्या पुरुषापुढं सुनेनं एवढंच यायचं असतं.

साहेबांनी घाई केली नाही. भुरीच्या डोळ्यांपुढून त्यांनी हात नेला, परत आणला. पापणी लवली नाही. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोटाला कान लावला, आणि बराच वेळ तसेच राहिले. आत कुणीतरी काही सांगतंय आणि ते नीट ऐकून घ्यावं, असे.

"हिची नजर गेली," ते शेवटी म्हणाले. "अम्मा, हिनं काही चाटलं का? रंग, शेंदूर, असलं काही?"

बंडप्पानं आईकडं पाहिलं. आंबोणात काय पडतं ते बायकांचं काम. त्याला त्यातलं ठाऊक नव्हतं.

"चाटलं न्हाय कुठं," रुद्रम्मा म्हणाली.

ते खोटं नव्हतं. दाराआड शिवगंगेचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. बाळानं तिच्या गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं, ते तिनं हळूच सोडवलं.

शिसं पोटात गेलं की जनावर असं आंधळं होऊन भिंतीला लागतं, असं साहेब सांगत होते. त्यांनी एके ठिकाणी बघितलं होतं. देवडीच्या दाराला ओला रंग दिलेला, आणि तो गोड लागला म्हणून गाईंनी रात्रभर चाटलेला. बंडप्पा म्हणाला, पण साहेब, शिशाचा आणि शेंदराचा काय संबंध. त्यावर ते जरा हसले.

"शेंदूर म्हणजे शिसंच की, भाऊ. कढईत तापवत राहायचं. आधी पिवळं पडतं, मग लाल होतं. आता लढाईत ज्या गोळ्या सुटायल्यात ना, त्या आणि तुमचा शेंदूर, दोघं एका घरचे."

शिवगंगेच्या तळहातांना ते वजन परत आठवलं. म्हणजे ते तेलाचं नव्हतं, देवपणाचंही नव्हतं. इतकी वर्षं बांधावर उन्हात लाल दिसत होतं ते धातू होतं. जमिनीतून निघालेलं, कढईत शिजून रंग बदललेलं, कुठल्या कुठं बाजार करून आलेलं. तिला भीती वाटली नाही. आधी नुसतं नवल वाटलं. एवढी जड वस्तू इतकी तेजस्वी होऊ शकते, आणि आपण तिला नमस्कार करत होतो.

साहेबांनी जुलाबाचं मीठ दिलं, गुळाच्या पाण्यातून पाजायला सांगितलं. पोट मोकळं झालं तर कदाचित वाचेल, नजरेचं मात्र सांगता येत नाही, उद्या निघण्याआधी परत बघून जातो, असं म्हणून ते उठले. रुद्रम्मानं त्यांच्यापुढं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

ते शिवगंगेनं पाहिलं. या घरातून पाहुणा दुधाचा पेला घेतल्यावाचून कधी गेला नव्हता. उन्हाळ्यात म्हैस आटली तर रुद्रम्मा शेजारून मागून आणायची, पण दूधच द्यायची. आज चरवी चुलीजवळ भरलेली होती.

संध्याकाळी बंडप्पा शेताकडं गेला. रुद्रम्मानं भुरीला मीठ पाजलं आणि मग, रोजच्यासारखी, ती खाली बसली. धारेचा आवाज आला. आधी भांड्याच्या बुडावर खणखणीत, मग दुधावर दूध पडून मऊ. आंधळी झालेली म्हैस धार देत होती. तिला तेवढं कळत होतं. शिवगंगा कमरेएवढ्या भिंतीशी उभी राहून बघत राहिली. काळी कास, काळे सड, रुद्रम्माची सावळी बोटं, आणि त्यातून ही पांढरी रेघ. दिवसातून दोनदा ती हे बघायची आणि आजवर तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

दूध तापलं. रुद्रम्मानं ते पेल्यात ओतलं आणि निंगीला मांडीवर घेतलं. आज पेला न देणं म्हणजे इतके दिवस त्यात काय दिलं ते मान्य करणं होतं. आणि ते मान्य करायला हात वळत नव्हता. पेला पोरीच्या तोंडाशी गेला, तेव्हा शिवगंगेनं मधे हात घातला. पेल्यावर तळहात ठेवला. वाफेनं तो भाजला.

"आत्याबाई, नगं."

सुनेनं सासूच्या हातातला पेला धरावा, असं या घरात झालं नव्हतं. रुद्रम्मानं पेला सोडला नाही.

"म्हशीला बाधलं असंल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दुधाला काय झालंय? बघ की. हिच्या पोटात हिरवं जातंय, वाळकं जातंय, डबक्यातला चिखल जातोय. आन भाईर काय येतंय? असं. पोट न्हाय माय ते, भट्टी हाय. काय बी घाला, समदं जळून दूधच हुतंय."

शिवगंगेनं पाहिलं. ते खरंच तसं होतं. पेल्यात पांढरं, त्यावर पातळ साय धरायला लागलेली. तिला स्वतःलाही आजवर असंच वाटत आलं होतं, की दूध म्हणजे सगळं धुऊन झाल्यावर उरतं ते.

"तूप कढवताना तुमी वळखता की, पेंड कंची हुती ते."

"ते येगळं."

निंगी दोघींच्या मधे, एकदा आजीच्या तोंडाकडं आणि एकदा आईच्या हाताकडं बघत होती.

"ह्याच्या बाळंतपणात," शिवगंगा झोळीकडं न बघता म्हणाली, "तुमी मला रोज शेपू चारली. मला वास सोसंना. म्या तोंड वाकडं केलं, तवा तुमी हसला. म्हणला, तुला कोण खा म्हणतंय, दुधातनं लेकराच्या पोटाला लागतीय ती."

गोठ्यातून कर्र असा आवाज आला. रुद्रम्मानं तिकडं पाहिलं नाही. ती शिवगंगेकडंही बघत नव्हती. पेला धरलेली तिची बोटं सैल झाली आणि शिवगंगेनं तो अलगद काढून घेतला. आपण जिंकलो असं तिला जराही वाटलं नाही. म्हातारीच्या तोंडावर एकदम इतकं वय उतरलं, की आपण ते बोलायला नको होतं, असं वाटून गेलं. आणि तरीही पेला तिनं परत दिला नाही.

मग रुद्रम्मानं हात पुढं केला, करंगळी दुधात बुडवली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. पेंड ओळखणारी, पाणी ओळखणारी, म्हैस कुणाच्या रानात शिरून कांद्याची पात खाऊन आली ते सकाळच्या दुधावरून सांगणारी बाई. ती शोधत होती. पुन्हा करंगळी बुडवली. पुन्हा शोधलं. शिवगंगा तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिली.

"गोड हाय गं," रुद्रम्मा म्हणाली. "नुसतं गोड हाय."

आणि यालाच ती भ्याली. ते शिवगंगेला दिसलं. कडू लागलं असतं, तोंड पोळलं असतं, तर तिनं ते कधीच ओळखलं असतं. पण ते कढईतून निघालं, बाजारातून आलं, कितीतरी बायकांच्या बोटांवरून देवाच्या अंगावर चढलं, तिथून डब्यात, डब्यातून आंबोणात, एवढ्या थोरल्या जनावराच्या रक्तामांसातून फिरलं, आणि कुठंही गाळलं गेलं नाही. वाटेत लाल रंग टाकला, वजन टाकलं, वास तर नव्हताच. पांढरं होऊन ते पोरीच्या ओठांपर्यंत आलं. एखादा माणूस अंधारात सगळी दारं न वाजवता उघडत यावा, तसं.

निंगीला उंबऱ्यापाशी बसवून रुद्रम्मा उठली. सुनेच्या हातून पेला घेऊन दूध तिनं चरवीत परत ओतलं आणि चरवी घेऊन दारात गेली. थोडा वेळ ती तिथंच उभी होती. शिवगंगा मागून आली.

परसात बेलाचं झाड होतं. रुद्रम्मा त्याच्याकडं एक पाऊल गेली आणि थांबली. त्याचं पान रोज पिंडीवर जायचं. कुत्रं आशेनं जवळ आलं, त्याला तिनं पायानं दूर केलं. हौदाकडं पाहिलं, तिथं जनावरं पाणी प्यायची. उकिरड्यापर्यंत ती चालत गेली. चरवी तिरपी केली. आणि परत सरळ केली.

"ह्येचं खत हुतंय," ती म्हणाली. "शेतात जातंय. जवारीला."

ती मागं वळली. हातात चरवी तशीच भरलेली, आणि चेहरा येळवशीला खोळ निघाली तेव्हा होता तसाच, अवाक्.

"कुठं वतू गं मी ह्ये?"

समोर सबंध गाव होता, त्यापलीकडं शेतं, बांध, ओढा, सडक. आणि एक चरवीभर दूध ओतायला जागा नव्हती, जिथून ते फिरून कुणाच्या तरी तोंडाशी येणार नाही. रुद्रम्मानं शेवटी चरवीवर थाळी झाकली आणि ती भिंतीच्या कडेला ठेवून दिली. मग आत जाऊन कोनाड्यातला डबा काढला. उघडला नाही. पदराखाली धरून ती त्याच्यासकट खाली बसली. साहेब उद्या येतील तेव्हा सांगते, असं ती म्हणाली. सुनेला की स्वतःलाच, ते कळलं नाही.

झोळीत बाळ जागं झालं. आधी कुरकुर, मग सरळ रडणं. ते रडताच शिवगंगेच्या छातीत ओढ बसली आणि दूध उतरलं. तिनं काही केलं नव्हतं. ते नेहमीच असं व्हायचं. तिला विचारल्यावाचून, तिच्या आधीच अंगाला कळायचं. बाळाला उचलून ती भिंतीला पाठ लावून बसली. चोळी ओली झाली होती. बाळ तोंडानं चाचपत होतं, नाक घासत होतं, मूठ आपटत होतं.

तिनं चोळीच्या गाठीला हात घातला आणि समोर पाहिलं. रुद्रम्मा तिच्याकडं बघत होती, चेहऱ्याकडं नव्हे. मग म्हातारीनं एकदम मान फिरवली.

निंगी हल्ली पेला पुरा करत नव्हती. उरलेलं दूध टाकायचं नाही, बाळंतिणीनं घ्यावं, लेकराला पुरतं, म्हणून रुद्रम्मा ते रोज शिवगंगेच्याच हातात द्यायची. काल दिलं होतं, परवा दिलं होतं. गोड असायचं.

गाठीवरचा हात तिथंच राहिला. बाळ आता हुंदके देत होतं. ओल चोळीतून पदरावर पसरत होती, पांढरी नव्हे, पाण्यासारखी. शिवगंगा त्या ओलीकडं बघत राहिली, कुणी दुसरीच बाई असावी आणि तिच्यात काय चाललंय ते दाराआडून बघावं, तशी.

निंगी उंबऱ्यावरून उठून जवळ आली. किती तरी दिवसांनी ती आपणहून उठली होती. तिनं बाळाच्या टाळूवर हात ठेवला, आईच्या ओल्या पदराला बोट लावलं, मग दारातून दिसणाऱ्या, थाळी झाकलेल्या चरवीकडं वळून पाहिलं.

"अव्वा," तिनं आईला विचारलं, "तुझं दूध कुठं वतायचं?"